मार्पर खटला: गुन्हेतपासातील जनुकीय माहिती आणि आंतरराष्ट्रीय कायद्याचा प्रश्न

१९ जानेवारी २००१ रोजी इंग्लंडमध्ये ११ वर्षांच्या एका मुलाला जबरी चोरीच्या प्रयत्नाच्या आरोपावरून अटक झाली. तो अल्पवयीन असल्याने न्यायालयीन कागदपत्रांत त्याचा उल्लेख ‘एस.’ या एका आद्याक्षराने येतो. पोलिसांनी त्याच्या बोटांचे ठसे घेतले आणि डीएनए तपासणीसाठी नमुनाही घेतला. पाच महिन्यांनी, १४ जून २००१ रोजी, तो निर्दोष सुटला. शेफील्ड शहरातच राहणारे मार्पर नावाचे एक गृहस्थ होते. त्यांना त्याच वर्षी १३ मार्च रोजी आपल्या जोडीदाराला त्रास दिल्याच्या आरोपावरून अटक झाली होती. खटला उभा राहण्याआधीच दोघांत समेट झाला आणि योगायोगाने १४ जून याच तारखेला त्यांच्यावरील कारवाई औपचारिकरीत्या संपली. दोघांच्याही वतीने पोलिसांना कळवण्यात आले की प्रकरण मिटले आहे, तेव्हा ठसे आणि नमुने नष्ट करावेत. साउथ यॉर्कशायर पोलिसांनी नकार दिला.

त्या नकारातून जो खटला उभा राहिला तो साडेसात वर्षे चालला. गुन्हेतपासात जनुकशास्त्राचा वापर कसा व्हावा यासाठी एखादा आंतरराष्ट्रीय कायदा असावा का, असला तर त्यात काय असावे, ही चर्चा आज जिथे कुठे होते तिथे ‘एस. आणि मार्पर विरुद्ध युनायटेड किंगडम’ या निकालाचा उल्लेख टळत नाही. हा निकाल केवळ खासगी आयुष्याचा विजय म्हणून वाचला जातो, आणि ते वाचन मला अपुरे वाटते. एखादे आंतरराष्ट्रीय वचन कागदावरून खाली उतरून माणसाच्या कामी कधी येते आणि कधी येत नाही, हे या प्रकरणातून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसते. म्हणून ते सविस्तर मांडत आहे.

पोलिसांकडे नेमके काय होते

करोनाच्या काळात नाकातोंडात फिरवलेली स्वॅबची काडी आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. डीएनएचा नमुना घेण्याची प्रचलित पद्धत तशीच आहे. गालाच्या आतल्या बाजूवर काडी काही सेकंद घासली की पुरेशा पेशी तिला चिकटतात. प्रयोगशाळेत त्या पेशींतून डीएनए वेगळा करतात आणि त्यातील ठरावीक जागा तपासतात. या जागांवर डीएनएचे छोटे तुकडे एकापाठोपाठ पुन्हा पुन्हा आलेले असतात आणि ते किती वेळा आले आहेत हा आकडा माणसागणिक बदलतो. इंग्लंडमध्ये त्या वेळी जी पद्धत होती तिच्यात अशा १० जागा तपासल्या जात. प्रत्येक जागेवर एक आकडा आईकडून आणि एक वडिलांकडून आलेला, म्हणजे २० आकडे, आणि सोबत लिंगाची नोंद. या आकड्यांच्या ओळीला डीएनए प्रोफाइल म्हणतात. १९९५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय डीएनए संग्रहात साठवली जात होती ती ही ओळ.

पण पोलिसांच्या ताब्यात ही ओळ एवढेच नव्हते. ज्या पेशींतून ती काढली त्या पेशीही गोठवून ठेवल्या जात होत्या. या दोन गोष्टींतला फरक संपूर्ण प्रकरणाच्या मुळाशी आहे. प्रोफाइल हा सातबाऱ्याचा उतारा मानला, तर पेशींचा नमुना ही प्रत्यक्ष जमीन आहे. उताऱ्यात जे लिहिले तेवढेच वाचता येते. जमीन मात्र ज्याच्या ताब्यात आहे तो ती उद्या खणू शकतो, आणि खाली काय निघेल हे आज खणणाऱ्यालाही ठाऊक नसते. आनुवंशिक आजारांची शक्यता, वंशाचा माग, घरातील माणसांची खरी-खोटी नाती हे सारे त्या पेशींत असते.

कायदा का बदलला होता

१९८४ च्या ब्रिटिश पोलीस कायद्यानुसार आरोपी निर्दोष सुटला तर त्याचे नमुने नष्ट करणे बंधनकारक होते. म्हणजे जानेवारी २००१ मध्ये एस.चा नमुना घेतला गेला तेव्हा, तो सुटल्यास नमुना नष्ट होईल, असेच कायदा सांगत होता. मे २००१ मध्ये दुरुस्ती अमलात आली. सुटका झाली तरी ठसे आणि नमुने ठेवता येतील, मात्र त्यांचा वापर गुन्हे रोखणे, उघडकीस आणणे आणि खटला चालवणे यापुरताच करता येईल, अशी ती दुरुस्ती होती. तिच्यात मुदत नव्हती, वयाची अट नव्हती आणि गुन्हा किती गंभीर यालाही महत्त्व नव्हते.

ही दुरुस्ती सरकारच्या लहरीतून आलेली नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १९९७ मध्ये एका वृद्ध स्त्रीवर बलात्कार झाला होता. पुढच्या वर्षी घरफोडीच्या आरोपातून सुटलेल्या एका माणसाचा नमुना चुकून नष्ट करायचा राहिला आणि त्याचे प्रोफाइल या गुन्ह्यातील पुराव्याशी जुळले. नमुना कायद्याने असायलाच नको होता, म्हणून खालच्या न्यायालयांनी हा पुरावा नाकारला. २००० च्या अखेरीस हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे त्या वेळच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, तो ग्राह्य ठरवला, परंतु तोवर लोकमत खवळले होते. पीडित स्त्रीच्या बाजूने विचार करणाऱ्या कोणालाही तो राग समजेल. डीएनए संग्रहाच्या विरोधात बोलणाऱ्यांनी हे प्रकरण टाळून पुढे जाऊ नये, असे मला वाटते.

शिवाय गुन्हेतपासात या तंत्राचा पहिला उपयोग निरपराधाची सुटका करण्यासाठीच झाला होता. लीस्टर विद्यापीठातील ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये डीएनए ठशांची पद्धत शोधली आणि दोनच वर्षांत जवळच्या गावांतील दोन मुलींच्या खुनांच्या तपासात ती वापरली गेली. त्या प्रकरणात एका १७ वर्षांच्या मुलाने कबुलीही दिली होती. चाचणीने तो निर्दोष ठरला आणि पुढे खरा गुन्हेगार सापडला. वाद विज्ञानाशी नाही. काम संपल्यावर नमुना कोणाकडे राहतो, हा वादाचा मुद्दा आहे.

इंग्लंडच्या न्यायालयांत

मार्च २००२ मध्ये पहिल्या न्यायालयाने अर्ज फेटाळला. सप्टेंबरमध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तोच निर्णय कायम केला. पेशी कशासाठी ठेवायच्या, याची कारणे तिथे न्यायमूर्ती वॉलर यांनी मांडली. प्रोफाइलची खातरजमा पुन्हा करता यावी, तंत्र सुधारल्यावर जुने नमुने नव्या पद्धतीने तपासता यावेत आणि चुकीची शिक्षा झाल्यास ती उघडकीस आणता यावी, ही त्यांतील मुख्य कारणे. ती पोकळ नाहीत. मात्र यातील शेवटचे कारण सुटलेल्या माणसाला लागू होत नाही आणि पहिल्या दोन कारणांना काहीतरी मुदत घालता येते. ती का घालू नये, याचे उत्तर तिथे मिळत नाही.

२२ जुलै २००४ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सनेही अपील फेटाळले. लॉर्ड स्टेन यांच्या मते नमुना ठेवल्याने खासगी आयुष्यात हस्तक्षेप होत असलाच तर तो अगदी किरकोळ होता. बॅरोनेस हेल यांनी मात्र असा साठा हा हस्तक्षेपच आहे असे स्पष्टपणे म्हटले, जरी तो समर्थनीय आहे या निष्कर्षावर त्या इतरांसोबत राहिल्या. देशातील वाट इथे संपली. एखाद्या देशाची संसद, सरकार आणि सर्वोच्च न्यायपीठ या तिघांचेही एकमत झाले असेल, तर बाहेर दाद मागण्याची जागा नसलेल्या माणसाचे प्रकरण इथेच बंद झाले असते. या दोघांना ती जागा होती, कारण ब्रिटनने मानवी हक्कांच्या युरोपीय करारावर सही केलेली होती आणि त्या कराराला न्यायालय होते.

स्ट्रासबर्गमध्ये

ऑगस्ट २००४ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे असलेल्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात अर्ज दाखल झाला. २७ फेब्रुवारी २००८ रोजी ग्रँड चेंबरपुढे, म्हणजे १७ न्यायाधीशांच्या मोठ्या खंडपीठापुढे, सुनावणी झाली आणि ४ डिसेंबर २००८ रोजी निकाल आला. खासगी आयुष्याच्या आदराचा हक्क देणाऱ्या कलम ८ चा भंग झाला आहे, यावर सर्व १७ न्यायाधीश एकमताने ठाम होते.

सरकारने आकडे मांडले होते. मे २००१ ते डिसेंबर २००५ या काळात, आधीच्या कायद्याने नष्ट झाले असते असे सुमारे २ लाख नमुने ठेवले गेले. त्यांतील सुमारे ८,५०० व्यक्तींची प्रोफाइल्स घटनास्थळांवरील पुराव्यांशी जुळली आणि त्या जुळण्यांचा संबंध सुमारे १४,००० गुन्ह्यांशी होता. त्यांत ११४ खून आणि ११६ बलात्कार होते. हे आकडे ऐकल्यावर कोणाचाही हात थबकेल. न्यायालयाने ते झटकून टाकले नाहीत. परंतु दोन प्रश्न विचारले. यातील किती जुळण्यांतून दोष सिद्ध झाला? आणि नमुना कायमचा ठेवल्यामुळेच झाल्या अशा जुळण्या किती? घटनास्थळावर डीएनए सापडणे म्हणजे त्या माणसाने गुन्हा केला असे नव्हे. शिवाय पूर्वीच्या गुन्ह्याशी जी जुळणी व्हायची ती अटकेच्या वेळच्या तपासणीतच होते, त्यासाठी सुटकेनंतर नमुना ठेवण्याची गरज नसते. दोन्ही प्रश्नांची उत्तरे आकड्यांत नव्हती.

निकालाचा कणा पुढच्या भागात आहे. न्यायालयाने पेशींचे नमुने, प्रोफाइल्स आणि बोटांचे ठसे यांचा स्वतंत्र विचार केला. आकड्यांची ओळ निरुपद्रवी आहे हा युक्तिवाद मान्य झाला नाही, कारण त्या ओळीवरूनही नातेसंबंध शोधता येतात आणि वांशिक मूळ अजमावता येते, आणि पोलीस तसे करतही होते. यापुढे सरसकटपणाचा मुद्दा आला. कोणत्याही वयाचा माणूस, कोणताही नोंदणीयोग्य गुन्हा, आणि कायमचा साठा, अशी तरतूद युरोप परिषदेच्या, म्हणजे हा करार ज्या संघटनेचा आहे तिच्या, सदस्य देशांत केवळ इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये होती. त्याच राज्यातील स्कॉटलंडमध्ये मात्र सुटलेल्या प्रौढाचा नमुना हिंसक किंवा लैंगिक गुन्ह्याच्या आरोपाखालीच, आणि तोही तीन वर्षांपुरता ठेवता येत होता. त्यानंतर वाढ हवी असल्यास न्यायालयाकडे जावे लागे. हद्दीपलीकडे हे चालू शकत असेल तर अलीकडे का नाही, या प्रश्नाला ब्रिटिश सरकारकडे पटण्याजोगे उत्तर नव्हते.

नवे तंत्र आणण्यात आपण अग्रेसर आहोत असे सांगणाऱ्या राज्यावर समतोल राखण्याची विशेष जबाबदारी येते, असे न्यायालयाने बजावले. निर्दोष सुटलेल्या माणसाचा नमुना शिक्षा झालेल्यांच्या नमुन्यांशेजारी ठेवला की त्याच्या निर्दोषत्वावर संशयाची छाया राहते आणि मुलांच्या बाबतीत ही हानी अधिक खोल असते, हेही न्यायालयाने नोंदवले. संग्रहात अल्पवयीन मुले आणि वांशिक अल्पसंख्याक यांचे प्रमाण जास्त असल्याचा उल्लेखही निकालात आहे.

हा निर्णय देताना न्यायालयाने युरोप परिषदेच्या १९९२ च्या एका शिफारशीचा आधार घेतला. गुन्हेतपासातील डीएनए चाचण्यांविषयीची ती शिफारस सांगते की गरज संपल्यावर नमुने आणि माहिती ठेवू नये. शिफारस बंधनकारक नव्हती. १६ वर्षे ती कागदावर होती आणि त्या काळात ब्रिटनचा संग्रह ४० लाखांच्या पुढे गेला. ती प्रभावी झाली ती केवळ एका बंधनकारक करारातील कलमाचा अर्थ लावण्यासाठी न्यायालयाने ती हाती घेतली म्हणून.

निकालानंतर काय घडले

अंमलबजावणीला वेळ लागला. २०१० मध्ये सुटलेल्यांची प्रोफाइल्स सहा वर्षे ठेवण्याची तरतूद संसदेने मंजूर केली, पण ती लागू झालीच नाही. सरकार बदलले आणि २०१२ च्या कायद्याने जवळजवळ स्कॉटलंडचीच पद्धत उचलली. गंभीर आरोप असूनही दोषी न ठरलेल्यांचे प्रोफाइल तीन वर्षे, न्यायालयाच्या परवानगीने आणखी दोन वर्षे, आणि पेशींचा नमुना साधारणतः सहा महिन्यांत नष्ट. ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी हे लागू होईपर्यंत ७७ लाखांहून अधिक नमुने आणि १७ लाखांहून अधिक प्रोफाइल्स नष्ट करण्यात आली होती. एका ११ वर्षांच्या मुलाच्या अर्जातून इतके सगळे घडले. तपास यंत्रणा त्यामुळे कोलमडली नाही, संग्रह आजही जोमाने वापरात आहे.

शिक्षा झालेल्यांचा प्रश्न तेव्हा सुटला नव्हता. २०२० मध्ये त्याच न्यायालयाने उत्तर आयर्लंडमधील एका प्रकरणात, मद्य पिऊन गाडी चालवल्याबद्दल दोषी ठरलेल्या माणसाचे प्रोफाइल पुनर्विचाराची कोणतीही सोय न ठेवता कायमचे ठेवणे हेही कलम ८ चा भंग असल्याचे म्हटले.

आंतरराष्ट्रीय कायद्यावरील वाद

युरोपबाहेर असा आधार कोणता? युनेस्कोने १६ ऑक्टोबर २००३ रोजी मानवी जनुकीय माहितीविषयी आंतरराष्ट्रीय जाहीरनामा स्वीकारला. संमती, गोपनीयता, भेदभावाला बंदी, सारे त्यात आहे. परंतु पहिल्याच कलमात गुन्ह्यांचा तपास आणि खटले यांना जाहीरनाम्याच्या कक्षेतून बाहेर ठेवले आहे आणि तिथे देशांतर्गत कायदा चालेल, फक्त तो मानवी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कायद्याशी सुसंगत हवा, असे म्हटले आहे. संशयिताचे नमुने गरज संपल्यावर नष्ट करावेत असे एक कलम पुढे येते, पण त्यालाही ‘देशांतर्गत कायद्यात वेगळी तरतूद नसल्यास’ अशी पुस्ती जोडलेली आहे. ब्रिटनमध्ये वेगळी तरतूद होती. म्हणजे एस.ने हा जाहीरनामा घेऊन दार ठोठावले असते तर आधी सुसंगती कोणी ठरवायची हाच प्रश्न आला असता, आणि ते ठरवणारे न्यायपीठ या जाहीरनाम्याला नाही.

अशा बंधनकारक कराराला होणारे आक्षेप गंभीर आहेत. फौजदारी न्याय हा राज्याच्या सार्वभौमत्वाचा गाभा आहे, हा पहिला. दुसरा असा की तंत्र दर पाच वर्षांनी बदलते आणि करार बदलायला वीस वर्षे लागतात. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. पीडितांना न्याय मिळवून देणारे एक साधन गरीब देशांच्या हाती नुकतेच येऊ लागले असताना श्रीमंत देशांनी आपल्या अनुभवातून बनवलेल्या अटी त्यांच्यावर लादाव्यात का?

शेवटच्या आक्षेपाला कुवेतचे उदाहरण समोर ठेवावेसे वाटते. २६ जून २०१५ रोजी तिथल्या एका शिया मशिदीत आत्मघाती स्फोट होऊन २७ माणसे मारली गेली. आठवडाभरातच संसदेने कायदा केला, की प्रत्येक नागरिकाने, रहिवाशाने आणि देशात येणाऱ्या पाहुण्यानेही डीएनए नमुना द्यावा. न दिल्यास तुरुंगवास. सर्वांचाच नमुना घेतला तर भेदभाव उरत नाही, ही कल्पना नवी नव्हती. इंग्लंडमध्ये न्यायमूर्ती सेडली यांनी २००७ मध्ये तीच सुचवली होती. पण कुवेतमध्ये लोकसंख्येतील बहुसंख्य लोक परदेशी कामगार आहेत आणि त्यांत भारतीय सर्वाधिक आहेत. महाराष्ट्रातून आणि गोव्यातून आखातात गेलेल्या माणसाला तिथे मतही नाही आणि कायमचे नागरिकत्वही नाही. त्याची जमीन, वर वापरलेल्या अर्थाने, परक्या राज्याच्या ताब्यात गेली असती आणि नोकरी संपून तो घरी परतल्यावर ती परत मागायची कोणाकडे, याचे उत्तर कुठल्याच कायद्यात नव्हते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २०१६ मध्ये हा कायदा बदलण्यास सांगितले. समितीचे मत न्यायालयाच्या आदेशासारखे बांधत नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये कुवेतच्याच घटनात्मक न्यायालयाने तो रद्द केला, हे तिथल्या न्यायाधीशांचे श्रेय आहे. तसे न्यायाधीश प्रत्येक देशात भेटतीलच असे धरून चालता येत नाही.

सार्वभौमत्वाच्या आक्षेपाला उत्तर वस्तुस्थितीनेच दिले आहे, कारण प्रोफाइल्स केव्हाच सीमा ओलांडून गेली आहेत. २००५ मध्ये जर्मनीतील प्र्यूम या गावी सात देशांनी परस्परांचे संग्रह तपासण्याचा करार केला आणि २००८ मध्ये तो युरोपीय संघाच्या कायद्याचा भाग झाला. इंटरपोलचाही डीएनए संग्रह आहे. त्यात नावे नसतात आणि प्रोफाइल केव्हा काढायचे हे ते पाठवणारा देश ठरवतो. इथेच गाठ आहे. पाठवणाऱ्या देशाच्या कायद्यात नष्ट करण्याची तरतूद नसेल, तर आंतरराष्ट्रीय संग्रहातही ती उगवत नाही. एका देशाने पुसलेली नोंद दुसऱ्या देशाने आधीच उतरवून घेतली असेल, तर ती पुसायला लावण्याचे काम कोणत्याही एका देशाच्या कायद्याने होण्यासारखे नाही. माझ्या दृष्टीने आंतरराष्ट्रीय कायद्याची खरी गरज या एका जागी सर्वांत तीव्र आहे: नोंद जिथे जिथे गेली तिथे तिथे तिची पुसण्याची मुदतही तिच्या पाठोपाठ गेली पाहिजे.

तंत्र वेगाने बदलते या आक्षेपाचे उत्तर जर्मनीतील एका चुकीने दिले आहे. २००७ मध्ये हाइलब्रॉन शहरात एका महिला पोलिसाचा खून झाला. घटनास्थळी सापडलेला एका अनोळखी स्त्रीचा डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधील सुमारे ४० गुन्ह्यांच्या ठिकाणी आढळला होता. तिच्या शोधासाठी ३ लाख युरोंचे बक्षीस लावण्यात आले. २००९ मध्ये कळले की अशी गुन्हेगार अस्तित्वातच नाही. तो डीएनए स्वॅबच्या काड्या बनवण्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका स्त्रीचा होता. काड्या निर्जंतुक होत्या, पण निर्जंतुक करण्याने डीएनए नाहीसा होत नाही. तीन देशांची पोलीस यंत्रणा कापसाच्या एका बोळ्याचा पाठलाग करत राहिली. त्यानंतर, २०१६ मध्ये, अशा साहित्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक तयार झाले. कापसाच्या काडीसाठी जगाला एकत्र येऊन नियम करता येतो. त्या काडीवर ज्याच्या पेशी येतात त्या माणसासाठी अद्याप करता आलेला नाही.

म्हणून कराराने तपासाचे तंत्र ठरवण्याच्या भानगडीत पडू नये. किती जागा तपासायच्या, कोणते यंत्र वापरायचे हे तज्ज्ञांच्या मानकांवर सोडावे. कराराने पेशींचा नमुना आणि प्रोफाइल वेगळे मानावेत आणि प्रोफाइल तयार होऊन खातरजमा झाली की नमुना नष्ट करण्याची मुदत घालावी. सुटलेल्या माणसाच्या प्रोफाइललाही मुदत असावी आणि ती वाढवण्याचा अधिकार पोलिसांकडे नव्हे, न्यायालयाकडे असावा. मुलांसाठी वेगळा नियम हवा. आणि व्यक्तीला तक्रार करता येईल असे न्यायपीठ हवे, कारण मार्पर प्रकरणात फरक पडला तो कलमाच्या शब्दांनी नव्हे, तर ते कलम घेऊन जिथे उभे राहता आले त्या न्यायालयामुळे. बेपत्ता माणसे, मानवी तस्करीतील मुले आणि अनोळखी मृतदेह यांच्यासाठी देशांनी परस्परांना प्रोफाइल्स दिलीच पाहिजेत, हे कर्तव्यही त्याच करारात यावे, मात्र नातेवाइकांनी त्यासाठी दिलेली प्रोफाइल्स गुन्ह्यांच्या संग्रहाशी ताडून पाहता येणार नाहीत अशी भिंत असावी. आपले मूल शोधण्यासाठी गाल पुढे करणाऱ्या आईला आपला भाऊ त्यातून अडकेल अशी भीती वाटता कामा नये.

आपल्याकडे

भारतात डीएनए तंत्रज्ञानाच्या वापराविषयीचे विधेयक जुलै २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले, स्थायी समितीने फेब्रुवारी २०२१ मध्ये अहवाल दिला आणि जुलै २०२३ मध्ये विधेयक मागे घेण्यात आले. दरम्यान २०२२ मध्ये फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा झाला. त्यात ‘मापे’ या शब्दाच्या व्याख्येत जैविक नमुने आणि त्यांचे विश्लेषण येते आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाला ही नोंद ७५ वर्षे ठेवता येते. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले आहे, पण डीएनए नमुन्यांच्या बाबतीत आपल्याला स्ट्रासबर्गसारखे देशाबाहेरचे दार नाही.

या कायद्याने कोणाची नोंद होईल याचा विचार करताना महाराष्ट्रात तरी पारधी समाज आधी डोळ्यांपुढे येतो. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले होते. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड माणसे हजेरी देत जगत होती. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. तरी गावात चोरी झाली की पालांवर आधी जाण्याची सवय अजून पुरती गेलेली नाही. संग्रह म्हणजे अटकांची साठवण असेल, तर ज्यांना विनाकारण अटक होते तेच त्यात जास्त असणार. आणि डीएनए एकट्याचा नसल्याने एका भावाची नोंद म्हणजे काही अंशी साऱ्या कुटुंबाची नोंद असते. ब्रिटनच्या संग्रहातील अल्पसंख्याकांविषयी स्ट्रासबर्गने जे नोंदवले ते इथे वेगळ्या नावांनी लागू पडते.

२०२२ च्या कायद्यात नष्ट करण्याची तरतूद आहे. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस खटल्याविना किंवा निर्दोष सुटला आणि सर्व कायदेशीर मार्ग संपले, तर नोंद नष्ट करावी, मात्र न्यायालयाने किंवा दंडाधिकाऱ्याने कारणे नोंदवून तसे न करण्याचा आदेश दिला नसेल तर, असे ती म्हणते. नियमांनुसार त्यासाठी अर्ज त्या माणसालाच करावा लागतो. राज्याने नेमलेल्या अधिकाऱ्याने ही नोंद दुसऱ्या कोणत्या गुन्ह्याशी जोडलेली नाही याची खात्री करून पुढे शिफारस करायची आहे. सुटून पालावर परतलेल्या आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाने हा अर्ज कोणाकडून लिहून घ्यायचा, तो कोणत्या कार्यालयात द्यायचा, आणि उत्तर आले नाही तर कुठे जायचे? २००१ मध्ये एस.च्या बाजूने पोलिसांना कळवणारे कोणीतरी होते, आणि नकार आल्यावर साडेसात वर्षे तो खटला चालवणारे वकीलही होते.